गायरानावरचं वीजघर

नागपूरला आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात माझी माय भाजली. त्याच हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यात अणुवीजघर आणायची चळवळ निघाली. एकाचा दुसऱ्याशी तसा काही संबंध नाही. पण मला एक आठवलं की दुसरं आठवतंच, आणि सांगायला बसलो की दोन्ही एकदमच सांगावं लागतं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवत होतो. आमच्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. ही नोकरी मला वकीलसाहेबांमुळे मिळाली होती. ते शाळेच्या मंडळावर होते. शेतकरी घराण्यातले, बेचाळीसच्या चळवळीत आष्टीच्या बाजूला पकडले गेलेले, तुरुंगात राहून आलेले. माझ्या मुलाखतीत एका सभासदानं आडून आडून माझी जात विचारली, तेव्हा ते जोरात म्हणाले होते, "शास्त्राच्या मास्तरला शास्त्र विचारा." पुढे काय झालं ते सांगण्याआधी एवढं सांगायलाच हवं. माणूस वाईट नव्हता.

आमचा भाग मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. जे चांगलं ते मुंबईला जाणार आणि आपण कापूस पिकवत बसणार, असं जो तो बोलायचा. मुंबईला समुद्रकाठी अणुभट्टी सुरू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. पुढे विजेसाठी मोठाल्या भट्ट्या बांधणार, असंही पेपरात येत होतं. वकीलसाहेबांनी ते उचललं. "भट्टी मुंबईले, तं वीजघर वर्ध्याले," असं ते सभेत म्हणाले की टाळ्या पडत. त्यांनी एक समिती केली आणि मला तिच्यात घेतलं. "मास्तर, तुम्ही लोकायले समजावून सांगा. आम्हाले त्यातलं काही कळत नाही."

मी हरखून गेलो होतो. खोटं कशाला सांगू, मला ते वीजघर मनापासून हवं होतं. वर्गात मी फळ्यावर अणूचं चित्र काढायचो आणि पोरांना सांगायचो की मुठीत मावेल एवढ्या धातूत मालगाडीभर कोळशाची उष्णता असते. आमच्या वस्तीत एकही विजेचा दिवा नव्हता. मी कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसत पुसत पदवीपर्यंत पोचलो होतो. वीज कुठून का येईना, आली पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

वस्ती नदीच्या बाजूला, गायरानाला लागून होती. तिच्या पलीकडे गावातल्या एका जिनची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, राख टाकत. कापसाचा हंगाम सुरू झाला की बॉयलर पेटायचा आणि राखेच्या गाड्या आमच्याकडे यायला लागायच्या. ती तिथेच का टाकतात, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. उलट बायका खूश असत, कारण राखेत अर्धवट जळलेले कोळसे निघायचे. फुकटचं सरपण. मी पगार आणायला लागलो तरी माझ्या मायचं ते वेचणं सुटलं नव्हतं. माझ्या बायकोनं एकदा सासूला म्हटलं, "आता काऊन जाता मामीजी? लाकडं इकत घेऊ." माय म्हणाली, "सरपनाले पैसे कायले द्याचे वो?"

त्या दिवशी सकाळी ती टोपलं घेऊन ढिगावर चढली. वरून राख थंड, पांढरी. खाली निखारे धुमसत होते. वरचा थर फुटला आणि तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ती पडली, उठायला हात टेकला तर तोही भाजला. दोन बायकांनी तिला ओढून काढलं. मी शाळेत आठवीच्या वर्गावर होतो. माझा चुलतभाऊ धावत आला आणि वर्गाच्या दारातूनच ओरडला, "भाऊ, चाल लवकर, मोठी माय जळली!"

दवाखान्यात पोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. पायाकडे मी एकदा पाहिलं आणि परत पाहू शकलो नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "शाळा सोडून काऊन आला रे?"

डॉक्टर तरुण होते, मनापासून करणारे होते. पण त्यांच्याजवळ होतं काय? पेनिसिलीन द्यायचे, पट्ट्या बदलायचे. पट्टी बदलताना माय दातांत पदराचा बोळा धरायची. वॉर्डात विजेचे दिवे होते, पण संध्याकाळ झाली की गावभर दिवे लागायचे आणि दवाखान्यातले पिवळे पडून काजव्यासारखे व्हायचे. कधी कधी जायचेच. मग नर्स कंदील आणायची. एका संध्याकाळी डॉक्टर जखम साफ करत होते आणि दिवे गेले. मी कंदील धरून उभा राहिलो. जखम दिसू नये म्हणून मी मान वळवली की कंदीलही वळायचा, तेव्हा डॉक्टर चिडून म्हणाले, "मास्तर, नीट धरा, नाहीतर दुसऱ्याला द्या." मी कंदील बायकोच्या हातात दिला. तिचा हात हलला नाही.

तेव्हा मला वाटलं, उद्याच्या उद्या वीजघर यावं. कोळशाचं येवो, पाण्याचं येवो, अणूचं येवो. जे म्हणतात थोडं थांबू, आधी विचार करू, त्यांना इथे आणून उभं करावं आणि हातात कंदील द्यावा.

दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ यायचे. खादीतले, आश्रमाच्या बाजूला राहणारे. रोज सकाळी येऊन रोग्यांना पाणी देत, भांडी घासत. मायजवळ ते बराच वेळ बसायचे. जातीपातीचं त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी पाहिलेलं आहे. मी समितीत आहे हे त्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बाळा, त्या नादाला लागू नकोस. ज्या भट्टीतून बॉम्बचा माल निघतो तिचा दिवा घरात लावायचा नसतो. माणसाच्या गरजाच कमी केल्या तर इतकी वीज लागते कोणाला?"

मला राग आला. "आजोबा," मी म्हटलं, "तुम्ही दिवा विझवून बसलात. आम्हाला कोणी लावूच दिला नाही. दोन्ही अंधार सारखे नसतात."

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं आहे तुझं. पण मी जे म्हणतो तेही खोटं नाही. विलायतेतली बातमी वाचलीस ना?"

वाचली होती. तिकडे एका अणुभट्टीला आग लागली होती आणि आसपासच्या गावांतलं दूध ओतून द्यावं लागलं होतं. पेपरात कोपऱ्यात चार ओळी होत्या. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या. आग समजण्यासारखी होती. आमच्या जिनमध्ये दरवर्षी कापसाच्या गंजीला आग लागायची. पण दूध? आग भट्टीला, आणि दूध का ओतायचं? पोरांना भट्टीचं सामर्थ्य मी खूप शिकवलं होतं, हे कधी शिकवलं नव्हतं. पुस्तकांत धूळ, गवत, गाय, दूध अशी साखळी कुठे दिलेली नव्हती. ती मी मायच्या खाटेजवळ बसून माझ्या मनानं जुळवली. आणि आमच्या वस्तीतल्या गाई कुठे चरतात, ते आठवलं. गायरानात.

मायचा पाय काळा पडायला लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "इथे माझ्या हातात आता फार नाही. नागपूरला हलवा. पाय कापावा लागेल, पण त्याच्याआधी ताप उतरला पाहिजे. रेल्वेनं नेऊ नका, चढउतारात हाल होतील. मोटरीचं बघा. आणि तिथे ओळखीचं कोणी असलं तर बरं, नाहीतर व्हरांड्यात पडून राहाल."

मोटर वकीलसाहेबांकडे होती. निवडणुकीच्या वेळी घेतलेली जीप. नागपूरच्या दवाखान्यातही त्यांची ओळख होती. त्याच दिवशी दुपारी समितीची बैठक होती. मी तिथे गेलो तो जीप मागायला. बैठकीची मला शुद्ध नव्हती.

वकीलसाहेबांच्या ओसरीवर दहाबारा माणसं बसली होती. दोन व्यापारी, जिनचे एक भागीदार, एक निवृत्त ओव्हरसियर, काही मालगुजार, म्हणजे जुन्या जमीनदार, घराण्यातले. मध्ये सतरंजीवर जिल्ह्याचा नकाशा पसरलेला. मी वकीलसाहेबांना बाजूला बोलवावं म्हणून उभा राहिलो, पण त्यांनी हात धरून मला बसवलं. "या, तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. मायची तबीयत कशी आहे? बरं, पाच मिनटं बसा. हे संपवू मंग बोलू."

ओव्हरसियर नकाशावर बोट ठेवून सांगत होते. पाणी भरपूर हवं, म्हणजे नदी. रेल्वे जवळ हवी, म्हणजे वर्धा. जमीन सरकारी असली तर कटकट नाही. त्यांचं बोट आमच्या गायरानावर थांबलं. "ही जागा उत्तम. पडीत आहे. इथे कोणी राहत नाही."

मी म्हणालो, "तिथे आम्ही राहतो."

ओव्हरसियरांनी बोट तिथून उचललं नाही. मग वकीलसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, चाळीसेक घरं आहेत. त्यायले दुसरीकडे जागा देऊ. पक्की घरं देऊ. नोकऱ्या भेटतील पोट्ट्यायले. तुमच्याच लोकायचं कल्याण आहे. आता तुम्ही फक्त शास्त्राच्या बाजूनं सांगा, की यात धोका नाही. सरकारले ठराव धाडाचा आहे, तेवढं त्यात टाकू."

माझ्या डोक्यात जीप होती. नुसतं हो म्हणायचं, जीप मागायची, उठायचं. मला कोणी खोटं सांगायला लावत नव्हतं. धोका आहे असं मला पक्कं माहीत नव्हतं, धोका नाही हेही माहीत नव्हतं. त्या वेळी देशात फार थोड्यांना माहीत असेल. मी बोलायला लागलो तो नीटच बोललो. भट्टीत धातू तापतो, पाण्याची वाफ होते, वाफेनं चाक फिरतं, वीज निघते. इथपर्यंत सगळं जिनच्या बॉयलरसारखंच. राख मात्र वेगळी. थोडी असते, पण तिचा दाह पिढ्यान्‌पिढ्या जात नाही. ती कुठे ठेवायची, याचा शोध अजून चालू आहे.

"म्हणजे धोका आहे म्हणता?" जिनचे भागीदार म्हणाले.

"धोका किती आहे, मला सांगता येत नाही."

"तुम्ही शास्त्राचे मास्तर ना?"

"म्हणूनच सांगता येत नाही."

कोणीतरी हसलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता, मायच्या पायाचा वास येत होता आणि मला थांबता आलं नाही. मी वकीलसाहेबांकडे पाहून म्हणालो, "साहेब, एकच विचारतो. धोका नाही, तर आमची वस्ती हलवायची कशाला? आम्ही भट्टीशेजारीच राहू. आणि धोका आहे, तर नकाशावर पहिलं बोट आमच्यावरच का पडतं? तुमच्या वावराजवळूनही नदी जाते."

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला. ओव्हरसियर नकाशा गुंडाळायला लागले. एक म्हातारे मालगुजार शांतपणे म्हणाले, "नोकरी देल्ली, समितीत घेतलं, आता हे शिकवून राह्यले आपल्याले." मी उठलो. ओसरीच्या दोन पायऱ्या उतरून रस्त्याला लागलो. जीप मागायची राहून गेली होती. मी स्वतःच्या तोंडानं मायची वाट बंद केली, एवढंच डोक्यात घुमत होतं. रस्त्यावर मी एका बैलगाडीवाल्याला विचारलं, नागपूरपर्यंत येतोस का? त्यानं मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्यात आलो आणि बायकोला काही सांगू शकलो नाही. स्टेशनवर जाऊन गाडीची चौकशी करावी, म्हणून निघालो तो फाटकात जीप उभी. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबानं पाठवली. डॉक्टरचा निरोप आला होता त्यायले. चिठ्ठी देल्ली नागपूरच्या डॉक्टरसाठी. आन हे ब्लँकेट."

मी विचारलं, "साहेब काही म्हणाले?"

"नाई. फक्त सावकाश चालवजो म्हणाले."

वाटेतल्या सेलूपर्यंत माय बोलत होती. पुढे तिला झोप लागली की शुद्ध गेली, कळलं नाही. बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रस्त्याला खड्डा आला की ड्रायव्हर स्वतःशीच "माफ करा माय" म्हणायचा. तिचा ताप माझ्या हाताला भाजत होता. मी पुटपुटत होतो. काय पुटपुटत होतो ते आठवत नाही. देव आम्ही वर्षापूर्वीच सोडले होते, आणि नव्या वंदनेचे शब्द मला अजून धड पाठ नव्हते. कोणाला हाक मारायची तेच उमजत नव्हतं.

नागपूरला त्या चिठ्ठीमुळे खाट मिळाली. पाय कापला. माय वाचेल असं मधले काही दिवस वाटलं. तो वॉर्ड मोठा होता आणि दिवे लख्ख. तिला त्या उजेडात झोप यायची नाही, पण नर्स बंद करायला आली की ती म्हणायची, "राहू दे ना बाई." एका संध्याकाळी ती वर दिव्याकडे पाहत पडली होती. आवाज खोल गेला होता.

"हे दिवे कायच्यावर जळते रे?"

"कोळशावर, माय. मोठं पावरहाऊस आहे."

"बाप्पा. लय कोळसा लागत असन." मग पुन्हा, "मंग राख कुठं टाकत असन?"

 मी म्हणालो, "तू झोप."

ती त्याच आठवड्यात गेली. विष रक्तात पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता. किती उशीर, कोणाचा उशीर, ते मी विचारलं नाही. वर्ध्याला परत नेतानाही जीप वकीलसाहेबांचीच होती.

माती दिल्यावर वस्तीतले लोक भेटायला येत होते. एका दुपारी सगळे गेल्यावर चुलतभाऊ मागे राहिला. तोच, ज्यानं मला वर्गातून बोलावून नेलं होतं. तो हमाली करायचा, कापसाच्या हंगामात जिनमध्ये आणि एरवी मिळेल तिथे. बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत बसला. मग म्हणाला, "भाऊ, राग नोको येऊ देजो. पण तू आडवा काऊन आला?"

"कशाला आडवा आलो?"

"त्या वीजघराले. लोकं म्हणून राह्यले, मास्तरनं खोडा घातला. पक्की घरं भेटली असती. पोट्टे कामाले लागले असते."

"मी नको म्हणालो नाही रे. मी विचारलं."

"तुले पगार आहे. तू इचारू शकते." तो वर पाहत नव्हता. "आमचं इचारून भागते का?"

मी त्याला विलायतेतल्या दुधाबद्दल सांगायला लागलो. राखेबद्दल सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोठी माय तं त्या भट्टीबिगरच मेली ना?"

  मी त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात हिशेब मांडत राहिलो. एका बाजूला कोळसा, जो रोज थोडी थोडी माणसं खातो आणि पेपरात येत नाही. दुसऱ्या बाजूला ती भट्टी, जी कदाचित काहीच करणार नाही आणि कदाचित एका दिवसात सगळं करील. शास्त्र मला सांगेल असं वाटलं होतं. शास्त्रानं मला आकडे दिले असते तरी, त्या आकड्यांत पहिली कोणती घरं मोजायची, ते वकीलसाहेबांच्या ओसरीवरच ठरणार होतं. आणि तिथे बसून प्रश्न विचारला तर आपलेच लोक विचारणार, तू कोणाचा?

ठराव झाला. "यात धोका नाही" हे वाक्य त्यात होतं की नाही, मला कधी कळलं नाही. समितीत मला पुन्हा कोणी बोलावलं नाही. नोकरी मात्र राहिली. वकीलसाहेब शाळेच्या कार्यक्रमाला आले की नमस्कार व्हायचा. एकदा ते माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही चारचौघात बोलले. एकट्यात बोलले असते तं मी ऐकलं असतं." मी म्हणालो, "हो साहेब." ऐकलं असतं की नसतं, कोण जाणे. जीपबद्दल मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "त्याचं काय," आणि पुढे गेले.

वीजघर वर्ध्याला आलं नाही. दिल्लीमुंबईच्या लोकांनी आमच्या ठरावाकडे पाहिलं तरी असेल का, याची शंका आहे. काही वर्षांनी ते समुद्रकाठी बांधायला निघालं आणि तिथे मजूर हवेत असं कळल्यावर चुलतभाऊ निघाला. मी त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. फलाटावर तो म्हणाला, "तू शिकलेला माणूस, खरं सांग. धोका आहे का तिथं?"

मी म्हणालो, "असू शकतो. बांधताना नसेल. पण बांधून झाल्यावर तिथे राहू नकोस."

"बांधल्यावर कोण ठेवते आपल्याले तिथं?" तो हसला. गाडी हलली तेव्हा त्याची ट्रंक दारातच होती, ती आत ओढण्यात तो गुंतला आणि त्याचं माझ्याकडे पाहायचं राहून गेलं.

दोन पावसाळे त्याचा काहीच पत्ता नव्हता. मग एका उन्हाळ्यात तो अचानक आला, वाळलेला, पण धड. आता सिमेंटचं काम येतं म्हणाला. बायकोनं त्याला जेवायला वाढलं. मी त्याला विचारलं की त्या बांधकामाच्या जागेवर आधी कोण राहत होतं. तो भाकरी मोडत म्हणाला, "होते ना. कोळी लोकं होते. काही शेतीवाले होते."

"ते आता कुठे गेले?"

"मले काय माहीत भाऊ," तो म्हणाला, आणि बायकोकडे पाहून म्हणाला, "वहिनी, थोडं वरण वाढा."